दीड हरिपाठ

आधीच सांगून टाकतो, आमचं खंडाळा म्हणजे ते नव्हे. ते लोणावळ्याजवळचं, धुकं, चिक्की आणि शनिवार-रविवारवालं. १९९८ साली ‘गुलाम’ सिनेमा आला, त्यात आमिर खानने एका मुलीला खंडाळ्याला येण्याबद्दल गाण्यातून विचारलं, आणि तेव्हापासून गाव सांगणं ही मला शिक्षा झाली. पुण्यात बँकेच्या काउंटरवर कुणी “मूळचे कुठले?” विचारलं की मी “खंडाळा” म्हणायचो आणि समोरचा माणूस, मग तो मुदतठेव मोडायला आलेला पंच्याहत्तरीचा आजोबा का असेना, गालातल्या गालात हसून ती चाल गुणगुणायचा. मग मी सांगायचो, सातारा जिल्ह्यातलं. तालुक्याचं गाव. इकडे शिरवळ, तिकडे लोणंद, सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्याच तालुक्यात. तरी चेहरा कोराच. शेवटी “खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी” म्हटलं की उजेड पडायचा. “हां हां! तिथं आम्ही दिवाळीत चार तास अडकलो होतो.”

लोक कुठे अडकले यावरून आपलं गाव ओळखलं जावं, हे काही फार भूषणाचं नाही. पण हे अडकणं पुढे कामाला येणार आहे, तेवढं लक्षात असू द्या.

निवृत्त झाल्यावर मी गावी राहायला आलो. घरात आई, थोरले बंधू आबा, वहिनी आणि विहिरीवर पाच एचपीची एक मोटार. पहिली तिघं वर्षानुवर्षं ठणठणीत. आजारी असायची ती मोटार. रब्बीत कांद्याला पाणी द्यायची वेळ आली की ती जळायची. “मोटार जळाली” हे वाक्य आमच्याकडे “पाहुणे आले” या चालीवर उच्चारतात. त्रास आहे, पण अनपेक्षित काही नाही. मग ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वायंडिंगवाल्याकडे न्यायची. वायंडिंगवाला आबांना नावाने ओळखायचाच नाही. “या, छत्तीस स्लॉट,” असं म्हणून खुर्ची पुढे करायचा. मोटारीच्या पोटात तांब्याची तार भरायला किती खाचा आहेत यावरून त्याच्याकडे गिऱ्हाइकांची जात ठरे. जळक्या वार्निशचा वास, तारेचं वजन, चहा. तिसऱ्या दिवशी मोटार घरी. त्या हिवाळ्यात ही वारी दोनदा झाली आणि मी जाहीर केलं की आता शास्त्रीय पद्धतीने बघायचं.

“बघ,” आबा म्हणाले. “बघायला पैसं पडत नाहीत.”

पडले. पुण्याला जाऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी टाँग टेस्टर आणला. हे खेकड्याच्या नांगीसारखं उपकरण. तारेभोवती नांगी बंद केली की तारेला न कापता आतून किती अँपिअर जातायत ते सांगतं. शिवाय दोन पिना लावल्या की व्होल्ट आणि ओहमही मोजतं. घरी आल्यावर मी त्याची पूजा तेवढी केली नाही.

आता मला शाळेतलं एकच सूत्र आठवत होतं, पण ते पक्कं होतं. व्ही बरोबर आय गुणिले आर. व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, आणि त्यांचाच गुणाकार केला की वॅट मिळतात. दोन आकडे मोजा, तिसरा आणि चौथा फुकट. बँकेत चाळीस कलमांची व्याजाची गणितं केलेल्या माणसाला हे म्हणजे बोटावर मोजण्यासारखं. अँपिअरला ए सोडून आय का, याचं उत्तर शाळेत मिळालं नव्हतं. फ्रेंच लोक धारेच्या तीव्रतेला जो शब्द वापरत त्याचं ते पहिलं अक्षर आहे. आमच्या सरांना बहुधा वाटायचं, आय म्हणजे मी.

खरी अडचण भाषेची होती. पाठ्यपुस्तकात व्होल्टेजला विभवांतर म्हणतात. पहिल्याच दिवशी मी वायरमनला म्हणालो, “अहो, आमच्याकडे विभवांतर कमी पडतंय.” त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “ते आपल्याकडं नाय येत. तलाठ्याकडं विचारा.” गावात त्याला होल्टेज म्हणतात. धारेला करंट म्हणतात, पण ती अंगातून गेली तरच. तारेतून जाते तिला लाईट म्हणतात. दिव्यालाही लाईटच, बिलालाही लाईटच. तीन फेज चालू असले की “पावर आली”, एकच असला की “नुसती लाईट हाय”. सरकारी पाट्यांवर उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी असतं. त्यामुळे आईला बरीच वर्षं वाटत होतं की डॉक्टरने सांगितलेला दाब आणि खांबावरचा दाब एकाच खात्याकडे असावेत. दोन्ही वरखाली होतात आणि दोन्हींसाठी तालुक्याला जावं लागतं.

आबांना सूत्र समजावायला मी घाट वापरला. म्हटलं, दिवाळीचा शुक्रवार धरा. पुण्यातून साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे जायची लोकांना जी ओढ असते ती व्होल्टेज. दर मिनिटाला जितक्या गाड्या आपल्या दारावरून जातात तो करंट. आणि खंबाटकी हा रोध. ओढ वाढली तर गाड्या वाढतील, घाट जास्त अवघड झाला तर कमी होतील.

“आणि बोगदा?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, साताऱ्याहून येताना बोगद्यातून यायचं. एकाच रस्त्याला एका दिशेने एक रोध आणि दुसऱ्या दिशेने दुसरा, हे ओहमच्या नियमात बसत नाही. त्याला डायोड म्हणतात आणि तो पुढच्या इयत्तेत येतो. मी म्हटलं, बोगदा सोडा. पण मग आता शेजारी नव्या जुळ्या बोगद्यांचं काम चाललंय ते? ते समांतर जोडणी, म्हणजे वाटा वाढल्या की एकूण रोध कमी. आबांनी मान डोलावली. “म्हंजी सरकारला ओहमचा नियम म्हाईत हाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “उशिरा.”

या ओहमबद्दल मला पुढे फार आपुलकी वाटू लागली. गेऑर्ग सिमोन ओहम हा कोलोनमधला शाळामास्तर. १८२५ साली त्याने प्रयोग सुरू केले तेव्हा त्याला वेगळंच, चुकीचं सूत्र मिळालं होतं. कारण त्याची बॅटरी. ती जोडली की तिचा दाब उतरत जायचा. म्हणजे ज्याच्या नावाने जगभर व्होल्टेजची गणितं सुटतात, त्या माणसाची पहिली अडचण कोणती, तर होल्टेज टिकत नाही! मी हे वाचलं आणि मनातल्या मनात त्याला तालुक्याचं रहिवासी प्रमाणपत्र देऊन टाकलं. मग पोगेनडोर्फ नावाच्या संपादकाने त्याला सुचवलं की बॅटरी सोड, तांबं आणि बिस्मथ यांचा सांधा कर, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं वितळत्या बर्फात ठेव. दाब थोडासा मिळेल, पण हलणार नाही. ते केल्यावर नियम सापडला. १८२७ साली पुस्तक निघालं आणि त्याचं असं काही थंड स्वागत झालं की वैतागून मास्तरांनी नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये. तोवर मधली चौदा वर्षं गेली. आमच्याकडे नव्या कनेक्शनला एवढी लागत नाहीत.

त्याच्याही आधी, १७८१ च्या सुमारास, हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज गृहस्थाने हाच नियम शोधला होता. त्याच्याकडे तर मीटरही नव्हता. तो स्वतःलाच धक्का द्यायचा आणि किती जोराचा बसला यावरून अंदाज बांधायचा. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. कागद तसेच पडून राहिले आणि जवळपास शंभर वर्षांनी, १८७९ मध्ये, मॅक्सवेलने ते छापले. पण ही पद्धत जगातून गेली असं समजू नका. आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रीचं मोजमाप मी डोळ्यांनी पाहिलंय. बोटं झिणझिणली तर “रिटर्न हाय”, मनगटापर्यंत आलं तर “लाईट हाय”, कोपरापर्यंत आलं तर “फुल्ल हाय”. हा प्रकार करू नये. कोरड्या, राठ कातडीचा रोध हजारो ओहम असतो, कधी लाखाच्या घरातही जातो, म्हणून तो मिस्त्री म्हातारा होऊ शकला. अंग ओलं असलं की हाच रोध हजार ओहमवर येतो. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. आणि घरात बसवतात तो जीव वाचवणारा ट्रिप ३० मिलिअँपिअरलाच पडतो. विहिरीवर कोरडा माणूस सापडणं कठीण, हे वेगळं सांगायला नको.

तर प्रयोग. पहिला मान आईच्या रॉडला.

आईची अंघोळ पहाटे साडेपाचला. बादलीत रॉड सोडायचा, बटण दाबायचं आणि पाटावर बसून हरिपाठ म्हणायचा. ज्ञानोबांची पालखी आमच्या तालुक्यात लोणंदला मुक्काम करते, त्यामुळे हरिपाठ या घरात पाण्याइतकाच जुना आहे, रॉड मात्र १९९० नंतरचा. मी रॉड काढला, पिना लावल्या. पस्तीस ओहम. रॉडवर लिहिलेलं, १५०० वॅट, २३० व्होल्ट. कागद घेतला. अँपिअरच्या जागी व्होल्ट भागिले रोध घातलं की वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध. २३० चा वर्ग ५२,९००. भागिले ३५. उत्तर १५११. बँकेतल्या ताळेबंदातही एवढा मेळ बसल्याचं मला आठवत नाही. मी “आई, जमलं!” म्हणून ओरडलो. ती म्हणाली, “जमलं तर रॉड घाल बादलीत. गार पाण्यानं न्हायचं वय नाय माझं.”

दुसऱ्या पहाटे मी मीटर घेऊन तिच्याशेजारी बसलो. त्या दिवशी पंप बंद होते, व्होल्टेज भरलेलं होतं, २३०. पाणी तापायला बरोबर एक हरिपाठ लागला. आई म्हणाली, “पंप चालू असले की दोन लागतात.” मी मनात म्हटलं, म्हातारीचा अंदाज. चार दिवसांनी रात्रपाळीची थ्री फेज पहाटेपर्यंत चालली आणि सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम ओढायला लागल्या. मीटर म्हणाला १६३. रोध तोच, पस्तीस. १६३ चा वर्ग २६,५६९. भागिले ३५. ७५९ वॅट. अगदी निम्मे! व्होल्टेज तिसऱ्या हिश्श्याच्या आतच उतरलं होतं, पण वॅट वर्गाच्या हिशेबाने पडतात, म्हणून शक्ती अर्ध्यावर. अर्धी शक्ती म्हणजे दुप्पट वेळ. आईचा दुसरा हरिपाठ संपला आणि पाण्याला वाफ धरली.

माझ्या साडेतीन हजारांच्या मीटरला जे कळलं होतं ते आईला तीस वर्षांपासून माहीत होतं. मी तिला हे सांगायचं टाळलं आणि वरचढ होण्यासाठी म्हटलं, “पण आई, युनिट तेवढंच पडतं बरं का. निम्मी शक्ती, दुप्पट वेळ. अर्धा युनिट तर अर्धाच.”

“म्हंजी होल्टेज कमी असलं तरी बिल तेवढंच?”

“तेवढंच.”

“मग माझा एक हरिपाठ जास्तीचा होतोय की,” ती म्हणाली. वीज मंडळाबद्दल आमच्या घरात निघालेले हे पहिले चांगले उद्गार.

रॉड हा आज्ञाधारक मुलगा. जेवढं वाढाल तेवढं खाईल, कुरकुर नाही. या यशाने माझी भीड चेपली आणि मी देवघरातल्या जुन्या शंभराच्या दिव्याकडे वळलो. काचेतला, तारेचा, पिवळ्या उजेडाचा दिवा. काढला, मोजला. चाळीस ओहम. ५२,९०० भागिले ४०. तेराशे बावीस वॅट! शंभराचा दिवा रॉडच्या बरोबरीने वीज खातो? मी रात्रभर तळमळलो. वीस वर्षं देवासमोर हीटर जळत होता की काय? सकाळी उलगडा झाला. मी दिवा थंड असताना मोजला होता. पेटला की आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तापली की तिचा रोध तेरापट वाढतो. ५२९ ओहम होतो तेव्हा कुठे शंभर वॅट. म्हणजे दिवा हा आमच्या एका मामांसारखा. थंड असतात तेव्हा काहीही मागा, हो म्हणतात. तापले की कुणाला जुमानत नाहीत. आणि म्हणूनच दिवे जळत असताना सहसा जात नाहीत, बटण दाबलं त्या क्षणी “टिक” करून जातात. त्या पहिल्या क्षणाला थंड तारेतून कित्येक पट करंट घुसतो. सगळ्यात जास्त अपघात दारातच.

मग मी विहिरीवर गेलो.

मोटारीच्या दोन टोकांना पिना लावल्या. तीन ओहम. जेमतेम. घाम फुटला. ४१५ व्होल्ट भागिले तीन, १३८ अँपिअर. त्याला पुन्हा ४१५ ने गुणा, सत्तावन्न हजार वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाच एचपीच्या या मोटारीत सत्त्याहत्तर एचपी दडलेत! मी आबांना म्हटलं, “आबा, गणिताप्रमाणे ही मोटार चालू केल्याबरोबर जळायला पाहिजे.”

“मग? जळतीच की,” आबा म्हणाले. “तुझं गणित बरोबर हाय.”

बरोबर नव्हतं. पण कुठे चुकलं हे कळायला मला आठ दिवस लागले, आणि ही सगळी कथा मी त्या आठ दिवसांसाठीच सांगतोय. मोटार म्हणजे गुंडाळलेली तार नव्हे. ती फिरायला लागली की स्वतःच आतून उलटा दाब तयार करते आणि येणाऱ्या विजेला म्हणते, थांब, एवढी नको. म्हणून पूर्ण वेगात असताना ती फक्त साडेसातेक अँपिअर घेते. सुरू होण्याच्या क्षणी ती फिरत नसते, उलटा दाब नसतो, म्हणून त्या वेळी सहापट ओढते. आणि गाळ, गवत अडकून पंखा जाम झाला तर ती सहापट ओढतच राहते आणि वायंडिंगवाला खुर्ची पुसायला घेतो.

पण याहून वाईट पुढे आहे. रॉडला कमी व्होल्टेज दिलं की तो कमी करंट घेतो. मोटारीचं उलटं. तिच्यावर पाणी उचलायचं काम आहे, ते कमी झालेलं नाही. व्होल्ट कमी पडले की ती अँपिअर वाढवून कसर भरून काढते. ४१५ ऐवजी ३२५ मिळाले की साडेसाताच्या जागी साडेनऊ-पावणेदहा ओढायला लागते. आणि तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते; करंट सव्वापटीच्या थोडा वर गेला तर ऊब दीडपटीच्या वर. म्हणजे जिथे कमी मिळतंय तिथे ती स्वतःला जाळून काम पुरं करते. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते वहिनींकडे बघत म्हणाले, “बाईमाणसाचा सोभाव हाय मोटारीला.” वहिनी आतून म्हणाल्या, “मग जपा की.”

याला संरक्षण म्हणून स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असते. करंट ठरावीक आकड्यापुढे गेला की ती मोटार बंद करते. मी स्टार्टरचं झाकण उघडलं. रिलेच्या खटक्यात बाभळीचा एक काटा खुपसलेला. व्यवस्थित, तासून.

“हे काय?”

“ते सारखं पडायचं,” आबा म्हणाले. “रात्री दोनला कोण येतंय उठायला?”

काटा मी काढला. त्या क्षणी भावाभावांत जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

मोटारीचा अँपिअर मोजला, डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंतची केबलही मोजली. पाचशे मीटर. सहा चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम. एका तारेचा रोध सव्वादोन ओहमच्या वर. साडेसात अँपिअर त्यातून गेले की डीपीवरच्या चारशेपैकी तीस व्होल्ट वाटेतच गळतात. तीन तारांत मिळून साधारण पावणेचारशे वॅट, म्हणजे अर्धा एचपी, नुसती केबल गरम करण्यात जातो. थंडीत रात्री पाणी धरणारे लोक केबलच्या वेटोळ्यावर का बसतात, हे मला तेव्हा कळलं. आणि सुरू होताना करंट सहापट म्हणजे घसरणही सहापट. कागदावर १८० व्होल्ट. ज्या घटकेला तिला सगळ्यात जास्त जोर हवा, त्याच घटकेला तिच्या ताटात निम्मं.

इथे मला त्या दुसऱ्या खंडाळ्याची आठवण झाली, आणि पहिल्यांदाच असूया न वाटता. त्यांचं विजेशी जुनं नातं. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. बोरघाटातून १९२९ पासून विजेची इंजिनं धावली, ती १५०० व्होल्टवर. सहा हजार अश्वशक्तीचं इंजिन धरा. १५०० व्होल्टवर त्याला तीन हजार अँपिअर लागतात. आता रेल्वेने २५,००० व्होल्ट केले, तर तेच काम एकशे ऐंशी अँपिअरमध्ये. करंट सतरापट कमी, तारेतला नाश त्याच्या वर्गाने, म्हणजे पावणेतीनशेपट कमी. आपल्या जिल्ह्यातल्या कोयनेचं पाणीही मुख्यतः पश्चिमेला उतरून १९६० मेगावॅट वीज करतं, तीही अशीच प्रचंड दाबाने दूर जाते. लांब जायचं तर दाब मोठा आणि धार बारीक ठेवावी, हे सगळ्या इंजिनिअरांना ठाऊक. फक्त शेवटच्या डीपीपासून विहिरीपर्यंत हा नियम कुणी आणलेला नाही. तिथून पुढे शेतकरी, त्याची केबल आणि त्याचा देव.

एचपी हाही एक वेगळाच विषय आहे. पाटीवरचा एचपी, कागदावरचा एचपी आणि पाण्यातला एचपी हे तीन सावत्र भाऊ असतात. ज्या कनेक्शनला मीटर नाही त्याचं बिल एचपीवर यायला लागलं, तेव्हापासून मोटारींच्या पाट्या गंजायला लागल्या. पुढे २०२४ मध्ये सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत केली, आणि आसपासच्या सगळ्या मोटारी साडेसातच्या आत आल्या. “पूर्वी साडेसाती लागली की लोक शनीला तेल घालायचे,” आबा म्हणाले. “आता लागावी म्हणून अर्ज करत्यात.”

शेवटी आमच्यात तह झाला. मी केबल दहा चौरस मिलिमीटरची आणून द्यायची, पैसे माझे. आबांनी काटा परत घालायचा नाही. आणि डीपीवर फेजाफेजात ३५० व्होल्टच्या खाली असेल तर मोटार लावायचीच नाही. स्टार्टरच्या झाकणावर आबांनी खडूने “३५०” लिहिलं, खाली अँपिअरसाठी “१० च्या वर बंद” लिहिलं, आणि आकड्यांना हळदकुंकू लावलं. सूत्रबित्र काही लिहिलं नाही. घरचं कनेक्शन त्याच डीपीवर; घरात मोजायचं, त्याला एक पूर्णांक त्र्याहत्तर शतांशाने गुणायचं, झालं. हे वर्गमूळ तीन कुठून आलं ते आबांनी विचारलं नाही. तीन फेज एकमेकांशी १२० अंशांत रुसलेले असतात, त्यांची बेरीज सरळ होत नाही, एवढं सांगायची तयारी मी केली होती, ती वाया गेली.

परवाची गोष्ट. पहाटे सहाला विहिरीवरून आबांचा फोन. “पावर आलीय. घरात बघ किती होल्टेज हाय.”

मी मीटर घेतला. पडदा कोरा. रात्री बंद करायचा विसरलो होतो, आतली बॅटरी संपलेली. ज्याने दुसऱ्याची वीज मोजायची त्याचीच गेली. आबा तिकडे थंडीत उभे, “आरं बोल की.”

न्हाणीशी आई पाटावर बसलेली. बादलीतून नुकती वाफ निघायला लागली होती. मी फोनवर हात ठेवून विचारलं, “आई, कितवा?”

तिने बोटांनी सांगितलं, एक झाला, दुसरा निम्म्यावर.

दीड. दीडपट वेळ म्हणजे पंधराशे भागिले दीड, हजार वॅट. गुणिले पस्तीस, पस्तीस हजार. त्याचं वर्गमूळ एकशे सत्त्याऐंशी. गुणिले एक पूर्णांक त्र्याहत्तर.

“तीनशे चोवीस,” मी म्हणालो. “लावू नका.”

“मीटर लावून बघितलंस नव्हं?”

“बघितलं.”

आबा घरी यायला निघाले. मी न्हाणीत जाऊन रॉडचं बटण बंद केलं. आई डोळे मिटून बसलेली; पाणी तापलं तरी हरिपाठ मध्येच सोडायचा नसतो, म्हणून उरलेला अर्धा ती म्हणत होती.